पाय गळालेला जो आणि पिवळा पडलेला निन्जा : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात ह्या पानावर सहज एक ओळ टाकली होती, की माळ्यावरून लहानपणीच्या फिगर्स (जी आय जो, हीमॅन वगैरे, हातपाय हलणारे खेळण्यातले शिपाई आणि वीर) काढल्या असतील आणि तुटक्या निघाल्या असतील तर लिहून कळवा, बघू काय करता येतं ते. वाटलं होतं चार-पाच जण लिहितील. पण पत्रं आली, फोटो आले, एकाने तर थेट तुटलेला हातच कुरिअर केला (पत्ता लिहायला विसरलात दादा, हात माझ्याकडे सुखरूप आहे). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतो.

नमस्कार दादा. दिवाळीच्या आवराआवरीत आईने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यात माझे जी आय जो निघाले, अकरा नग. एक उचलला तर कमरेखालचा भागच गळून पडला आणि आतून काळ्या रबराचे दोन तुकडे सांडले. गेला का हा? – एक वाचक, नाशिक

नाही गेला, उलट ह्याच्यासारखी सोपी दुरुस्ती ह्या छंदात दुसरी नाही. तो काळा तुकडा म्हणजे ओ-रिंग. १९८२ साली हॅसब्रो ह्या अमेरिकन खेळणी कंपनीने साडेतीन-पावणेचार इंचाचा छोटा जो काढला ना, त्याची सगळी रचनाच ह्या एका रबराच्या कडीवर आहे. दोन्ही पाय एका धातूच्या टी आकाराच्या आकड्याला अडकवलेले, त्या आकड्यात ओ-रिंग, ती कमरेच्या तुकड्यातून वर जाते आणि छातीच्या आत एका खुंटीवर बसते. म्हणून तर तो कमरेत वळतो, वाकतो, बसतो. आणि ही रबराची कडी डब्यात पडून असतानासुद्धा कायम ताणलेलीच असते, तीस वर्षं ताणलेलं रबर आणि हवा, मग कडक होऊन तुटणारच की. तुमची काही चूक नाही.

आता करायचं काय. पाठीवर एक स्क्रू दिसेल, फुलीचा. आधी फोटो काढा, मग उघडा, कारण पाठ काढली की डोकं, दोन्ही हात, कंबर सगळं एकदम टेबलावर येतं आणि कुठला हात कुठल्या जोचा हे अकरा नग एकदम उघडले तर ब्रह्मदेवाला कळणार नाही. एका वेळी एकच घ्या. आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच वापरा, घरातला मोठा नको, फुली एकदा गोल झाली की पुढचं सगळं अवघड.

नवीन ओ-रिंग कुठे मिळेल असं नऊ जणांनी विचारलंय. प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात, किंवा बेअरिंग-ऑइल सील विकणाऱ्याकडे. जुन्या कडीचे तुकडे कागदावर गोल जुळवून चिकटवा आणि तो कागदच दुकानात दाखवा, नंबर वगैरे सांगत बसू नका. जाडी सारखी पाहिजे हे महत्त्वाचं. कडी छोटी पडली तर पाय इतके घट्ट ओढले जातात की कमरेतला प्लास्टिकचा तुकडा मध्ये तडकतो, आणि तो तुकडा तुटला तर मग दुसऱ्या जोचा काढून लावण्याशिवाय इलाज नाही. मोठी पडली तर जो दारू प्यायल्यासारखा डुलतो, पण निदान तुटत तरी नाही. म्हणजे शंका असेल तर मोठी घ्या. काळं नायट्राइल रबर मिळतं तेच चालतं, सिलिकॉनचं मिळालं तर ते हवेने लवकर खराब होत नाही पण टोकदार काही लागलं की पटकन फाटतं, तेव्हा आकड्यात अडकवताना चिमट्याने ओढू नका, जाड दोऱ्याचा फास करून वर ओढून घ्या.

आणि शेवटची गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि मी दोन पाठी फोडून शिकलो. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, हळू, एक बारीक 'टक' असं लागेल हाताला, म्हणजे तो प्लास्टिकमधल्या जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा फिरवा. डायरेक्ट सुलटा फिरवला तर तो नव्या आट्या पाडतो आणि दोन-तीनदा असं झालं की भोक मोठं होऊन स्क्रू नुसता गरगर फिरतो. घट्ट करतानाही दोन बोटांच्या जोराने, मनगट वापरायचं नाही.

तुमच्या फोटोतले जो फनस्कूलचे आहेत. एमआरएफ आणि हॅसब्रो मिळून १९८७ ला ही कंपनी निघाली, गोव्यात कारखाना, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आलेले जो तिथलेच. अमेरिकेतल्या साच्यातून निघालेले पण रंग भलतेच, म्हणून पुढे परदेशातले संग्राहकही ते शोधायला लागले. तुम्ही कमरेच्या मागचं साल वाचून 'हा १९८३ चा आहे' असं लिहिलंय, तर ते साल साच्याचं असतं, जो बनला त्या वर्षाचं नाही. त्यामुळे नव्वदीत घेतलेल्या जोच्या कमरेवर ऐंशीतलं साल असू शकतं, त्यात फसवाफसवी काही नाही.

माझ्या दोन फिगर्सचे अंगठे तुटलेत, बंदूक हातात राहत नाही. फेविक्विकने चिकटवले तर पुन्हा तुटले. – कोल्हापूर

अंगठा हे ह्या लोकांचं मर्मस्थान. हाताच्या मुठीपेक्षा बंदुकीची मूठ जाड, आपण लहानपणी खसकन घुसवायचो, अंगठा थोडा थोडा फाकत गेला आणि एक दिवस उडाला. फेविक्विकसारखा गोंद त्या जागी टिकत नाही कारण तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि अंगठ्यावर तर सतत जोर येणार. शिवाय त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी पावडर धरते, पारदर्शक काच असेल (हेल्मेटची वगैरे) तर ती कायमची धुरकट.

टिकाऊ उपाय एकच, खिळा घालणे. हाताने फिरवायचं बारीक ड्रिल मिळतं, त्याने तळहातात आणि अंगठ्यात अर्धा मिलिमीटरचं भोक, आत पितळेची बारीक तार, मग गोंदाचा एक थेंब. अंगठा हरवला असेल तर इपॉक्सी पुट्टीचा करता येतो पण खरं सांगू का, तो दिसायला बरा आणि कामाला शून्य. बंदूक धरायची असेल तर बंदुकीच्या मुठीला पारदर्शक रबराचा बारीक छल्ला घालून मनगटाला अडकवा, दोन फुटांवरून दिसतही नाही.

ज्यांचे अंगठे अजून शाबूत आहेत त्यांनी आधी हात कोमट पेक्षा जरा गरम पाण्यात मिनिटभर धरा, प्लास्टिक नरम पडलं की बंदूक अलगद सरकवा. उकळतं पाणी नको. आणि शोकेसमध्ये ठेवताना बंदूक हातात देऊच नका, पायाशी ठेवा, वर्षानुवर्षं ताण कशाला.

माझ्या नवऱ्याचा पांढरा निन्जा आहे, स्टॉर्म शॅडो, तो आता चहात बुडवल्यासारखा पिवळा दिसतो. वाढदिवसाला परत पांढरा करून द्यायचाय. ब्लीच चालेल का? – ठाणे

ताई, ब्लीच बाटलीत परत ठेवा. क्लोरीनवालं ब्लीच प्लास्टिक पिवळंच करतं, कधीकधी ठिसूळही.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं ते धुळीने नाही, त्यामुळे घासून काही होणार नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन ह्यांनी प्लास्टिकच्या वरच्या थरात रासायनिक बदल होतो. त्याला उतारा म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परत ऊनच. जखम धुवायला मेडिकलमध्ये जी बाटली मिळते ती ६ टक्क्यांची असते, ती पुरते. पार्लरमध्ये केस रंगवायचं क्रीम डेव्हलपर १२ टक्क्यांपर्यंत मिळतं, ते काम लवकर करतं पण क्रीम असल्यामुळे कुठे जास्त कुठे कमी लागून ठिपके पडतात, निन्जा गोरा व्हायच्या ऐवजी चितकबरा होतो. तेव्हा पातळ द्रावणच घ्या.

निन्जा पूर्ण उघडा, वर नाशिकवाल्यांना सांगितलंय तसा. स्क्रू आणि तो धातूचा आकडा बाजूला काढा, पेरॉक्साइडमध्ये धातू जाता कामा नये. ओ-रिंग पण काढा. छातीवर किंवा हातावर जी रंगाची चिन्हं आहेत तिथे माझी छाती धडधडते, कारण पेरॉक्साइड रंगही उडवू शकतं, तर आधी पाठीच्या आतल्या बाजूला नाहीतर पायाच्या तळव्याला करून बघा. काचेच्या बरणीत सगळे तुकडे बुडवायचे, तरंगत असतील तर वरून काचेचा छोटा ग्लास ठेवायचा, बरणी उन्हात. झाकण घट्ट लावायचं नाही म्हणजे नाही, आत ऑक्सिजन तयार होतो आणि गच्चीवर स्फोट करून शेजारच्यांना आमंत्रण द्यायचं नाहीये आपल्याला. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, लहान मुलं लांब. दर तासाने तुकडे फिरवा आणि बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एका दिवसात बराच फरक पडतो, पावसाळ्यात नादी लागू नका.

थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या. जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागावर खडूसारखे पांढरे पट्टे येतात आणि ते परत जात नाहीत, मी एका फिगरचं हे केलंय, ती आता कोणाला दाखवत नाही. आणि हे कायमचं नसतं हेही नवऱ्याला सांगून ठेवा, काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवला तर उशिरा येतो एवढंच.

१९८४ च्या मूळ स्टॉर्म शॅडोबरोबर धनुष्य, पाठीवरचा भाता, एक लांब तलवार, एक छोटी तलवार आणि नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन काठ्या) यायचे. वाढदिवसाची भेट द्यायचीच असेल तर ह्यातलं काय हरवलंय ते हळूच बघा. माझा अंदाज, नानचाकू. सगळ्यांचे तेच हरवतात.

काका, बाबांचा हीमॅन आहे. त्याचा चेहरा चिकट झालाय आणि पाय लुळे पडलेत, उभाच राहत नाही. – इयत्ता आठवी, सांगली

शाब्बास, बाबांचं खेळणं सांभाळतोस. मॅटेलने हे १९८२ ला काढले, साडेपाच इंची, आणि आपल्याकडे लिओ नावाच्या कंपनीने बनवून विकले, बाबांना विचार, दूरदर्शनवर कार्टून लागायचं त्याच्या आठवणी काढतील तासभर.

चेहरा चिकट झालाय कारण डोकं मऊ पीव्हीसीचं आहे. ते मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते वर्षांनी बाहेर झिरपतं. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, हलक्या हाताने. लगेच पुसून पंख्याखाली. काही महिन्यांनी परत चिकट होईल, परत धुवायचं. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावायचा नाही, आईला विचारूनही नाही! त्याने भुवया जातील, आणि कडक प्लास्टिकला लागला तर ते विरघळतं. आणि त्याला मऊ वासवाल्या जाड प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवू नको, तेही पीव्हीसीच असतं, दोघं एकमेकांना चिकटतात. साधी खाऊची कुरकुरीत पारदर्शक पिशवी किंवा कापड बरं.

पाय रबराने अडकवलेले आहेत, ते सैल झालंय. हा जी आय जोसारखा स्क्रूचा नाही, धड चिकटवून बंद केलेलं असतं, त्यामुळे ते उघडायचं काम मोठ्या माणसाबरोबरच कर, किंवा करूच नको. त्याला भिंतीला टेकवून उभा कर. बाबाही बहुधा आता टेकूनच उभे राहतात.

एडिसनला राहतो. इथे यार्ड सेलमध्ये केनर कंपनीच्या जुन्या स्टार वॉर्स फिगर्स मिळाल्या, पण एकाकडेही शस्त्र नाही. ऑनलाइन रिप्रो (म्हणजे नव्याने केलेली नक्कल) शस्त्रं स्वस्तात मिळतात. घ्यावीत का? आणि ओरिजिनल म्हणून कोणी रिप्रो विकत असेल तर ओळखायचं कसं? – न्यू जर्सी

घ्या की. रिप्रो घेण्यात पाप नाही, रिप्रो लपवण्यात आहे. ह्या विषयावर माझं मत जरा कडक आहे म्हणून सविस्तर लिहितो.

फिगर हातात ब्लास्टर घेऊन उभी राहिली पाहिजे, शोकेसमध्ये छान दिसली पाहिजे एवढंच असेल तर रिप्रोच घ्या, मूळ शस्त्रं बारीक, सोफ्याखाली गेली ती गेली, म्हणून कधीकधी फिगरपेक्षा शस्त्रच महाग पडतं. पण ज्या दिवशी पार्सल येईल त्याच दिवशी, नंतर करू म्हणायचं नाही, त्याच्या मुठीच्या खालच्या बाजूला सुईने एक छोटी खूण करा आणि वहीत लिहा. कारण तुम्हाला आज आठवतंय, दहा वर्षांनी आठवणार नाही, आणि तुमच्या मुलाने विकायला काढलं तर त्याला तर माहीतच नसणार. अशीच प्रामाणिक रिप्रो एक दिवस 'ओरिजिनल' होऊन बाजारात फिरायला लागतात.

ओळखायचं कसं, तर पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं तर खरं, असं पुष्कळ जण सांगतात. त्यावर एकट्यावर विसंबू नका, काही मूळ शस्त्रं बुडतात आणि काही रिप्रो मजेत तरंगतात. त्यापेक्षा ज्याच्याकडे खात्रीचं आहे त्याच्याशेजारी ठेवून बघा. रिप्रो बहुधा मूळ तुकड्यावरून साचा काढून केलेलं असतं, त्यामुळे कडा बोथट, बारीक रेषा पुसट, माप केसभर लहान. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते रेझिन ओतून केलेलं आहे. थ्रीडी प्रिंटवर भिंगातून थरांच्या रेषा दिसतात. रंगाची चमकही बघा, मूळ प्लास्टिकची चमक जुनी होत होत मंद झालेली असते, रिप्रो एक तर फार चकचकीत नाहीतर एकदम मॅट.

आणि सगळ्यात मोठा सापळा कपड्यांचा. ह्या मालिकेतला जावा, तो बुटका टोपीवाला, अगदी सुरुवातीला व्हिनाइलच्या झग्यात आला होता, मग केनरने लगेच कापडी झगा दिला. त्यामुळे व्हिनाइलवाला दुर्मिळ, म्हणून लोकांनी काय केलं तर ह्याच मालिकेतल्या बेन केनोबीचा व्हिनाइल झगा कापून छोटा केला आणि जावाला घातला. एका खऱ्या वस्तूची वाट लावून दुसरी खोटी वस्तू! तुम्हाला यार्ड सेलमध्ये व्हिनाइलवाला जावा दिसला तर आधी हात खिशात घाला आणि मग झग्याच्या कडा बघा.

फिगरचा रंग उडालाय, पूर्ण नवीन रंगवून घेऊ का? – औरंगाबाद

फार जुनी आणि पूर्ण असेल तर नको. भंगार झालेली, हात-पाय वेगवेगळ्यांचे असतील तर खुशाल. अॅक्रिलिक रंग, पातळ, दोन-तीन हात. घरातला ऑइल पेंट किंवा इनॅमल मऊ प्लास्टिकवर कधी धड वाळतच नाही, महिन्यांनी पण बोटाला लागतो.

आम्ही दरवर्षी किल्ला करायचो आणि मावळ्यांच्या रांगेत जो पण उभे करायचो. आता काढलेत तर सांध्यात माती घट्ट बसलीय आणि एकाचा पाठीचा स्क्रू गंजलाय. – सदाशिव पेठ, पुणे

अहो हे पत्र वाचून इतकं बरं वाटलं. आमच्या बुरुजावर एका हाताला मशाल घेतलेला मातीचा मावळा आणि दुसऱ्या हाताला मशीनगन घेतलेला जो, आणि पायथ्याशी आजीने पेरलेले अळीव. शिवाजी महाराजांच्या मागे कायम एक तरी रणगाडा.

माती कोरडी काढायची नाही, चिकणमाती आणि त्यातले वाळूचे कण सांध्यात फिरले की रंग खरवडतात. म्हणजे आधी हात-पाय अजिबात हलवू नका! जो आहे त्या पोझमध्ये कोमट पाण्यात दोन तास बुडवून ठेवा, माती स्वतःच विरघळते, पाणी बदला, परत ठेवा. मग मऊ ब्रश. स्टिकर असलेले भाग पाण्यात घालू नका, ते ओल्या कापसाने. धुतल्यावर उघडून आतलं पाणी पुसा, नाहीतर आकडा गंजतो. पांढरा जादूचा स्पंज म्हणून विकतात तो वापरू नका, तो बारीक पॉलिशपेपरच असतो, डाग जातो आणि बरोबर डोळेही जातात.

गंजलेला स्क्रू. त्यावर दणादण स्प्रे मारायचा मोह होतो, पण ते तेल आत रबरापर्यंत जातं. टूथपिकच्या टोकावर एक थेंब घेऊन फक्त स्क्रूच्या डोक्याभोवती लावा, रात्रभर ठेवा. सकाळी आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित फिरवा, मग सैल. तरी हलला नाही तर सोल्डरिंगचं टोक स्क्रूच्या डोक्यावर चार-पाच सेकंद टेकवा, आजूबाजूचं प्लास्टिक जरा सैल होतं, पण हे आधी एखाद्या टाकाऊ फिगरवर करून बघा कारण सहावा-सातवा सेकंद फार महागात पडतो. नवीन स्क्रू चष्म्याच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जुना दाखवून जुळवता येतो, जाडीला सारखा आणि लांबीला कणभर कमी असला तर चालेल, लांब नको, छातीतून बाहेर येईल.

आणि यंदा परत उभे करणार असाल, जरूर करा, तर जोच्या तळपायाला भोक असतं ते बघितलंय का. ते स्टँडच्या खुंटीसाठी आहे. बाटलीच्या झाकणाला मध्ये गरम सुईने भोक पाडून त्यात काडीचा तुकडा बसवायचा, त्यावर जो, आणि झाकण मातीत दाबायचं. माती पायाला लागत नाही, वाऱ्याने पडत नाही, आणि किल्ला मोडताना झाकणं मोजली की सैन्य पूर्ण परत आलं का ते कळतं. आम्हाला हे तेव्हा सुचलं नव्हतं. ९४ च्या दिवाळीतला आमचा एक जो आईच्या तुळशीच्या कुंडीत निघाला, २०११ साली, कुंडी बदलताना. ओ-रिंग तुटली होती, अंगठे मात्र दोन्ही शाबूत.